पहिले थंडा हो, मंग बोल

नागपुरात उन्हाळ्यात माणसं ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. आमचे शेजारी रावजी ठवकर गाडीच्या तोंडाशी कांदा बांधत. चांगला पांढरा, मुठीएवढा, सुतळीने आवळून. "माणसाले ऊन लागते, तं तिले काहून नाही लागणार?" असं वर विचारत. आता याला काय उत्तर द्यायचं, सांगा!

गाडी साधीसुधी नव्हती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा काळ. अख्ख्या मोहल्ल्यात तीन स्कूटर आणि रावजींची ही लांबलचक अमेरिकन गाडी. रावजी मोटारींचे मिस्त्री होते. कोळसा खाणीवरचा एक साहेब देश सोडून जाताना, वर्षानुवर्षं सांभाळली म्हणून ती त्यांनाच देऊन गेला होता. तिच्या इंजिनावर सुपरचार्जर होता, तो हवा दाबून दाबून आत कोंबायचा. त्यामुळे ती पळायची झकास आणि तापायची भट्टीसारखी. "दोन माणसाचं जेवण एकटीच जेवते थे," रावजी म्हणत, "मंग तापन नाही तं काय!"

बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. सगळा जीव त्या गाडीत. घरच्या कूलरची वाळ्याची ताटी काढून त्यांनी रेडिएटरपुढे बांधली होती आणि स्वतः डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ओसरीवर घाम पुसत बसत. बॉनेटवर ओली पोती. मागच्या सीटवर पाण्याच्या चार सुरया. कुणी गाडीत बसलंच तर सुरई मांडीवर घ्यायची. मी एकदा इतवारीपर्यंत असा गेलो होतो. उतरलो तेव्हा माझ्या पँटीकडे बघून चार बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

सगळ्यात कडक नियम म्हणजे, उन्हातून आलेल्याला लगेच पाणी नाही. पोस्टमन का असेना, आधी गुळाचा खडा, मग पाच मिनिटं सावली, मग पाणी. गाडीलाही तेच. तापून आली की अर्धा तास तिच्या पाण्याच्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही. "पहिले थंडा हो, मंग बोल," हे त्यांचं पालुपद. भांडणाऱ्यांना तेच, रडणाऱ्या पोराला तेच, उतू जाणाऱ्या दुधालाही तेच. आम्ही पोट धरून हसायचो. त्यांची नक्कल मला फार छान जमायची. आज हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमीचं लग्न पारशिवनीच्या मुलाशी ठरलं. नेमकं नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत. आणि मी बढाईखोर! बैठकीत बोलून बसलो, "नवरदेवाला आणायला अमेरिकन गाडी पाठवतो." विचारलं कुणाला? कुणालाच नाही. मग गेलो रावजींकडे तोंड वेंगाडत.

"नवतप्यात? थे नाही निघत बाहेर."

"रावजी, सुमीचं लग्न आहे हो."

सुमी लहानपणी त्यांच्याच ओसरीवर खेळलेली. "बरं," म्हणाले. "पण मी म्हणीन तिथं थांबाव लागन."

तर लग्नाच्या दिवशी ऐन दुपारी पारशिवनीहून निघालो. वऱ्हाड पुढे गेलेलं. गाडीत रावजी, मी, बाशिंग बांधलेला नवरदेव आणि त्याचा तापट मामा. अर्ध्या वाटेत इंजिनाच्या तापाचा काटा वर चढला. रावजींनी एका निंबाखाली गाडी लावली. "अर्धा तास. कोणी हात लावू नका गा," म्हणाले आणि पोती भिजवायला बादली घेऊन शेतातल्या विहिरीकडे गेले.

मामाने माझी हजामत सुरू केली. "हेच का तुमची अमेरिकन गाडी? मुहूर्त टळला तं पाहून घेईन!" दहा मिनिटं बडबडून तो नवरदेवाला घेऊन निंबाच्या पलीकडे जाऊन आडवा झाला. मी गाडीपाशी एकटाच. घड्याळ बघत होतो, घाम पुसत होतो. म्हटलं, म्हातारा वेडा आहे. इंजिनाला कसला गूळ आणि कसलं काय!

फडक्याने झाकण फिरवलं. वाफ अशी उसळली की उजवा हात मनगटापर्यंत भाजला. तरीही अक्कल आली नाही. एक सुरई उचलली आणि सगळं गार पाणी आत ओतलं. आतून 'टक्क' असा आवाज आला. मी झाकण लावलं, सुरई जागेवर ठेवली आणि साळसूदपणे उभा राहिलो.

रावजी आले. पुरता अर्धा तास बसले, मग गाडी चालू केली. ती दोनदा खोकली, खालून पाणी गळायला लागलं आणि सगळं थंड. टरबुजांचा ट्रक घेऊन चाललेला एक ड्रायव्हर उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "तापल्या इंजिनात थंडं पाणी टाकलं कोणीतरी. इंजिनाचं हेड तडकलं. गेली गाडी."

"कोण तो गाढव?" मामा ओरडला.

रावजींनी रिकामी सुरई बघितली. मग माझा हात बघितला. मी तो खिशात घातला.

"मीच गा तो गाढव," रावजी म्हणाले. "घाई झाली मले."

नवरदेव टरबुजांवर बसून मांडवात आला. मुहूर्त साधला. पण पुढची कित्येक वर्षं मोहल्ल्यात एकच विनोद चालला. रावजी दिसले की कुणीतरी विचारायचं, "काय रावजी, पहिले थंडा, मंग पाणी ना?" ते मान खाली घालून पुढे जायचे. आणि मी काय करायचो? मीही हसायचो. नक्कल तर आता मोहल्ला मलाच करायला लावायचा. गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. तिचे सुटे भाग आपल्याकडे मिळायचे नाहीत.

सुमीचा मुलगा शाळेत जायला लागला, त्या वर्षी एका मे महिन्यात मी भर दुपारी त्यांच्या फाटकात शिरलो. आज सांगायचंच, असं ठरवून. बंद गाडीवर रावजी ओली पोती टाकत होते. तोंडाशी नवा कांदा बांधलेला.

"रावजी, त्या दिवशी..."

"पहिले थंडा हो," म्हणत त्यांनी गुळाचा खडा हातावर ठेवला. उजव्याच हातावर. "डाग राहिलाच काय गा?"

मी गूळ घेऊन ओसरीच्या सावलीत बसलो. "तुम्हाला माहीत होतं. मग काहून बोलले नाही?"

"मामा कसा होता, पाह्यलं ना तू? भावाचं नाव निघालं असतं, तं पोरीले सासरी जलमभर ऐकाव लागलं असतं." पोतं नीट पसरून ते पुढे म्हणाले, "मले टोमणे मारायले घरी आहे कोण?"

घरी कुणीच नव्हतं. टोमणे मारायला फाटकाबाहेर मी होतो, इतकी वर्षं.

पाच मिनिटं झाल्यावर त्यांनी पाण्याचा गिलास पुढे केला.

"आता पी," म्हणाले.