एका विरोधी मताची गरज

लोकमत ही फार पवित्र गोष्ट आहे. म्हणूनच ते विचारायला येणाऱ्याला कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. टपालआजींनी मात्र (उभा जन्म टपाल कचेरीत गेला, म्हणून हे नाव) पाहणीवाल्या बाईला आत बसवलं, पंखा लावला. त्यांच्या तरुणपणी उमेदवार स्वतः दारात यायचा, कोपरावर विरलेला सदरा घालून, आणि मताआधी गुडघेदुखीची चौकशी करायचा. हल्ली दारात येतात ते पाहणीवालेच.

प्रश्न एकच होता : देशाच्या राजकारणात परदेशी पैशाला लगाम घालावा का?

साऱ्या इमारतीने "घालावा" असं बाणेदारपणे सांगितलं होतं. (तळमजल्यावरच्या शिंप्याने दोनदा सांगितलं, कारण प्रत्येक उत्तरामागे एक छत्री भेट होती.) छत्री उत्तम. खटका दाबला की फाटकन उघडे. मुठीवर पाहणीचा खर्च करणाऱ्या परदेशी संस्थेचं नाव कोरलेलं होतं. पण हात नेमका तिथेच पडत असल्यामुळे ते तोवर कोणाला दिसलं नव्हतं.

"घाला की लगाम," आजी म्हणाल्या. "चांगला करकचून."

बाईचा चेहरा पडला.

"काय झालं गं?"

"आजी, शंभर टक्के झाले. शंभर आले की वरचे म्हणतात, उत्तरं घरी बसून भरलीत. माझ्या जावेची नोकरी अशीच गेली. एक तरी उलटं मत द्या हो."

"म्हणजे खोटं बोलू? जन्मात कोणाचं पाकीट फोडून वाचलं नाही मी!"

"खोटं नका बोलू. जरा वेगळं बोला."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "सांगून टाका ना, आई. तुमच्या मतावाचून कोणाचं अडलंय? आणि दोन छत्र्या मिळतात का बघा."

मिळत होत्या. विरोधी मत दुर्मीळ असल्याने तशी तरतूदच होती.

बाईची नोकरी वाचली. निष्कर्ष जाहीर झाला : ९७.६ टक्के जनता परदेशी पैशाच्या ठाम विरोधात, २.४ टक्के आजी.

संध्याकाळी भर पावसात जनता अंगणात जमली.

"काय हो आजी," शिंपी गरजला, "दोन छत्र्यांसाठी देश विकलात?" त्याच्या डोक्यावर एक होती, दुसरी काखेत.

"अरे, मूठ सोड जरा," आजी म्हणाल्या. "तिच्यावरचं नाव वाच."

शिंप्याने आभाळाकडे पाहिलं आणि मूठ आणखी घट्ट धरली.

वाचकहो, या प्रश्नावर तुमचंही मत ठाम असणारच. असू द्या. फक्त पाऊस थांबेपर्यंत मूठ उघडून बघू नका.