सुखदेवभाऊंचे ओले पाय

सुखदेवभाऊंना वास्तुशांतीला बोलावलं, की यजमानांचा जीव टांगणीला लागतो. गृहस्थ दारात पाय धुतात आणि न पुसताच तरातरा हॉलमध्ये शिरतात. नव्याकोऱ्या फरशीवर ओल्या पावलांची रांग उमटते. मधोमध थांबून ते टाच गोल फिरवून पाहतात आणि निकाल देतात. "सुकी फरशी सगळ्यायचीच चांगली रायते. ओली होऊ द्या, मंग बोला."

भाऊ आमच्या चंद्रपुरातले फरशीचे मिस्त्री. दुकानात गेले की प्रत्येक लादीवर नाणं वाजवून कान लावतात. आवाज पटला नाही, तर "हे बोलून नाई राह्यली" म्हणून लादी बाजूला. कोटा दगडाला ते 'कामाचा माणूस' म्हणतात, ग्रॅनाइटला 'साहेब' आणि पांढऱ्या संगमरवराला 'नवरी'. "नवरीवर लिंबू सांडलं का रुसून बसते. मंग कोणाच्या बापाले मनवता येत नाई."

आम्ही घर बांधलं तेव्हा माझ्या बायकोला ही नवरीच हवी होती, आणि तीही अशी, की वाकून पाहिलं तर तोंड दिसावं. मी शाळामास्तर. घरात माझं मत विचारायची पद्धत नाही. भाऊंनी फरशी बसवली, घासली, चमकवली. बायकोने वाकून तोंड पाहिलं आणि खूश झाली. वास्तुशांतीला चार दिवस उरले होते.

त्या दिवशी भाऊ काहीच काम न करता भिंतीला टेकून बसले आणि माझ्या आईकडे बघत राहिले. आईची पंचाहत्तरी उलटलेली. ती न्हाणीकडे निघाली, की हे मागून फरशीवर खडूने रेघ मारायचे. आई म्हणाली, "या माणसाले काही झालं का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकठक ऐकून आम्ही धावलो. आईच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत, पाट्याला टाकी लावतात तशी, भाऊ संगमरवराला टाकी लावत होते. आरशासारख्या फरशीला देवीचे व्रण आले होते. बायको रडायलाच लागली. मीही शाळेत मुलांवर ओरडत नाही इतका ओरडलो. भाऊ शांतपणे म्हणाले, "सर, माय ओल्या पायानं वापस येईन, तवा थे आरसा पाहीन का?" मी त्यांना निघून जायला सांगितलं. ते निघून गेले. छन्नी-हातोडी तिथेच राहिली.

ती परत द्यायला, आणि राहिलेलं बोलून घ्यायला, मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या. उंबरा ओलांडला आणि तळव्यांना काहीतरी टोचलं. खाली बघतो तर अख्ख्या घरात पांढरा संगमरवर आणि प्रत्येक लादीवर टाकीचे खड्डे. इंचभर जागा सुटलेली नव्हती. त्यांची बायको खाली बसून भाजी निवडत होती. भाऊ कोपऱ्यात मान खाली घालून उभे.

"मलेच हौस होती जी," बाई म्हणाल्या. "मोठ्या लोकायसारखी फरशी पायजे म्हणून. यायनं कामावरचे उरलेले तुकडे मागून मागून आणले, घासू घासू आरसा केला. मी आंघोळ करून आली अन् घसरली. कमरेचं हाड मोडलं. मंग हे रोज कामावरून आले का छन्नी घेऊन बसत. मी म्हटलं, राहू द्या ना, चूक माझी होय. ऐकतच नव्हते."

भाऊंनी तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं आणि मला म्हणाले, "चाला."

मी चाललो. पाय जिथे ठेवला तिथे राहिला. मला स्वतःची फार लाज वाटली. हातातली छन्नी-हातोडी त्यांच्यापुढे धरून मी म्हणालो, "भाऊ, आमच्याकडे अर्धंच झालं आहे. उद्या लवकर या."

बाई चहा ठेवायला उठल्या. काठी न घेता, त्याच ओल्या फरशीवरून, लंगडत पण बिनधास्त चुलीकडे निघाल्या. त्यांच्या मागून भाऊ दोन्ही हात अर्धवट पुढे करून चालत होते. बाईंनी वळून पाहिलं, तसे त्यांनी हात मागे घेतले आणि खांद्यावरचा दुपट्टा उगाच झटकायला लागले.