माफी नाकारण्याचा विहित नमुना

कर्ज विभागातल्या त्या फाइलीच्या नाडीला सात गाठी होत्या. नाडी पांढऱ्या सुताची, मूळची साठ सेंटिमीटर. फाइल उघडताना ओढाताण झाली की ती तुटे, मग टेबलावर जो कोणी असेल तो दोन टोके जोडून गाठ मारी. दर गाठीत साधारण तीन सेंटिमीटर खर्च होत. अशी दर दोन वर्षांनी नाडी आखूड होत होती आणि दर तीन महिन्यांनी एका पत्राने फाइल जाड होत होती. पुढे काय होणार हे आलेख न काढताही सांगता आले असते, पण सांगणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. त्यामुळे चौदाव्या वर्षी, एका मंगळवारी, चहानंतर, नाडी फाइलीला पुरेना, तेव्हा सगळ्यांना ती घटना अचानक घडल्यासारखी वाटली.

नवी नाडी हवी तर भांडार विभागात जुनी जमा करावी लागे. जुनी काढली तर फाइल सुटी होणार, आणि सुटी फाइल टेबलावर ठेवायला नियमाने बंदी. विभागप्रमुखांनी त्यातल्या त्यात सोपा मार्ग सुचवला. प्रकरणच बंद करावे.

प्रकरण असे होते. चौदा वर्षांपूर्वी बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला शहराने घरासाठी कर्ज दिले. संस्थेने त्यातून बाजारामागच्या गल्लीत दोन मजल्यांचे, बारा खोल्यांचे घर घेतले आणि रस्त्यावर झोपणारी माणसे तिथे आणून ठेवली. कर्जाच्या कागदात नववी अट अशी, की कर्ज फिटेपर्यंत हे घर फक्त बेघरांच्या निवाऱ्यासाठीच वापरले जाईल. काही वर्षे हप्ते आले. मग संस्थापक वारले, चिटणीस परदेशी मुलाकडे गेले, आणि खजिनदारांनी बांधकामाच्या धंद्यात शिरून घरांचा प्रश्न दुसऱ्या बाजूने हाताळायला घेतला. सहा वर्षांपूर्वी संस्थेची नोंदणी रद्द झाली. रद्द करणारी खिडकी कर्ज विभागाच्या बरोबर दोन मजले खाली होती. पण कार्यालयातली पत्रे जिन्याने जात नाहीत, त्यामुळे कर्ज विभाग संस्थेला दर तिमाहीला रजिस्टर पत्र पाठवत राहिला.

पत्रे पोचतही होती. घरातल्या गळक्या तीन खोल्या सोडून उरलेल्या नऊ खोल्यांत अकरा माणसे राहत होती, आणि संस्थेची स्वयंपाकीण, जिला सगळे मावशी म्हणत, ती अजून त्या अकरांचा स्वयंपाक करत होती. ती स्वतः अकरावी. संस्था बंद झाल्याचे तिला कळले होते, पण म्हणून जेवणाची वेळ बदलत नाही. पोस्टमन आला की ओले हात पदराला पुसून ती पोचपावतीवर सही करी. नाहीतर त्या बिचाऱ्याला पुन्हा खेप पडली असती.

त्या साली शहर करुणा वर्ष पाळत होते. प्रत्येक विभागाला करुणेचे उद्दिष्ट ठरवून दिले होते. उद्यान विभागाने तीनशे वठलेल्या झाडांना पाणी घातले होते. कर्ज विभागाची तिसऱ्या तिमाहीअखेरची करुणा शून्य होती. न पुरणारी नाडी आणि शून्य करुणा या दोन्ही अडचणी एकाच माफीने सुटत होत्या. विभागप्रमुखांनी टिपणीवर हिरव्या शाईने शेरा मारला, ‘सहृदयतेने व तातडीने.’

टिपणी करताना संस्था रद्द असल्याचे विभागाला अखेर कळले, पण कर्जदाराची संमती नियमाने लागतेच, म्हणून ती आणायला हेडक्लार्कना पाठवण्यात आले. त्यांना विभागात उपरोक्त म्हणत, कारण तो शब्द आल्याशिवाय त्यांचे वाक्य पुरे होत नसे. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

“बसा,” मावशी म्हणाली. “जरा डाव्या अंगाला टेकून बसा, उजवा पाय हलतो. खुर्चीचा.”

“बातमी चांगली आहे, मावशी. उपरोक्त कर्ज शहर माफ करतंय.”

“वर काय?” दारात उभ्या म्हाताऱ्या वॉचमनने विचारले. तीस वर्षे त्याने एका मोठ्या इमारतीची राखण केली होती आणि ज्या दिवशी नोकरी गेली त्याच दिवशी जिन्याखालची खोलीही गेली होती. “वर तर नुसतं छत गळतंय.”

“तुम्ही गप बसा हो काका,” मावशी म्हणाली. “माफ झाल्यावर काय होतं, साहेब?”

“बोजा उतरतो.”

“कुणाचा?”

“संस्थेचा.”

“संस्था तर केव्हाच गेली. तिला आता हलकं वाटून उपयोग काय?”

उपरोक्त यांनी चहाचा कप उचलला. कप रिकामा होता.

“आणि नववी अट?” मावशीने विचारले.

हे त्यांना अपेक्षित नव्हते. त्या अटी कोणी वाचत असेल असे त्या लिहिणाऱ्यालाही वाटले नसणार. पण दर पत्रासोबत त्यांची प्रत येत असे, आणि दुपारी कुकरची वाट पाहताना मावशीला वाचायला घरात दुसरे काही नव्हते.

“कर्जच नाही म्हटल्यावर अट कुठली?”

“मग घर?”

“बंद संस्थेची मालमत्ता, तिच्यावर बोजा नसेल तर, शहराकडे येते. इथे करुणा केंद्र व्हायचंय. सभागृह, वाचनालय, खाली बेघरांच्या जीवनावर कायमचं प्रदर्शन.”

“आणि आम्ही?”

“तुमचे फोटो घेतील की,” उपरोक्त म्हणाले. मग त्यांनाच ते वाक्य कसेसे वाटले असावे, कारण ते म्हणाले, “म्हणजे, तसं टिपणीत आहे.”

वरच्या मजल्यावर शिलाई यंत्र चालू होते ते थांबले. शिवणकाम करणारी बाई जिन्यात येऊन उभी राहिली. नवऱ्याने घराबाहेर काढले तेव्हा यंत्र डोक्यावर घेऊन ती चार महिने बसस्टॉपवर होती. जायचे म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावे लागत नसे.

“मग माफ नका करू,” मावशी म्हणाली. “आम्ही फेडतो.”

उपरोक्त यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य ऐकले नव्हते. त्यांनी ते वहीत लिहून घेतले, तारीख घातली आणि परत गेले.

विभागप्रमुख चिडले नाहीत. त्यांनी नियमावली मागवली. तिच्यात माफी मागण्याचा नमुना होता, माफीला उशीर झाल्याबद्दल तक्रारीचा नमुना होता, माफीची दुसरी प्रत मिळवण्याचाही होता. माफी नाकारण्याचा विहित नमुना मात्र नव्हता.

“करुणा ही देणाऱ्याची बाब आहे,” ते म्हणाले. “घेणाऱ्याचं मत विचारायला लागलो तर करुणा वर्षच संपेल. तिची संमती नाही म्हणता? मग या काय आहेत?”

त्यांनी फाइलीतून पोचपावत्या काढल्या. सहा वर्षांच्या चोवीस. प्रत्येकीवर त्याच गोल अक्षरातली सही. संस्थेने चोवीस वेळा पत्र स्वीकारले होते आणि एकदाही उत्तर दिले नव्हते, म्हणजे मजकूर मान्य होता, म्हणजे संमती सहा वर्षांपासून फाइलीतच पडून होती. हे आपल्या लक्षात आले नाही याबद्दल उपरोक्त यांना लेखी समज देण्यात आली.

मावशी आणि वॉचमन दुसऱ्या दिवशी रोखपालाच्या खिडकीशी गेले. सगळ्यांनी मिळून एका हप्त्यापुरते जमवले होते.

“कुणाच्या नावे?” रोखपालाने विचारले.

“संस्थेच्या.”

त्याने संगणकात पाहिले. “ही रद्द आहे. रद्द संस्थेकडून भरणा घेता येत नाही.”

“आणि माफी देता येते?”

“माफीला पावती लागत नाही, बाई. मागचे सरका पुढे.”

“म्हणजे पैसे भरायला मेलेली आणि माफ करून घ्यायला जिवंत,” वॉचमन जिना उतरताना म्हणाला. “अशी नोकरी मला कुठं मिळाली नाही.”

आता एकच अडचण राहिली होती. माफीमुळे कोणा लाभार्थ्याचे नुकसान होत नाही, असा दाखला लागणार होता. त्यासाठी सर्वेक्षण अधिकारी आला. तरुण, नम्र, बूट दाराबाहेर काढून आत येणारा. त्याने नऊ खोल्या मोजपट्टीने मोजल्या, खाटा मोजल्या, प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारला.

“आपण रात्री कुठे झोपता?”

“इथे,” अकराही जण म्हणाले.

“डोक्यावर छप्पर?”

“आहे.”

“पत्ता?”

मावशीने पत्ता सांगितला. नगरपालिकेच्याच पाकिटांवर चौदा वर्षे छापून येत असलेला पत्ता.

अधिकाऱ्याने फॉर्म पुरा करून वाचून दाखवला. ज्या व्यक्तीला छप्पर व कायम पत्ता आहे ती बेघर नव्हे. सदर घरात अशा अकरा व्यक्ती आढळल्या. बेघर आढळले नाहीत. सबब लाभार्थी शून्य, नुकसान शून्य.

“अहो, पण हे घर गेलं की आम्ही बेघरच,” शिवणकाम करणारी बाई म्हणाली.

“अगदी बरोबर. तेव्हा आपण पात्र व्हाल.”

“कशाला?”

“या घराला.”

“जे तेव्हा नसेल.”

“घर असेल,” अधिकारी म्हणाला. त्याला चुकीची माहिती द्यायला आवडत नसे. “फक्त करुणा केंद्र असेल. दहा ते पाच.”

त्याने सगळ्यांचे आभार मानले, बूट घातले आणि निघताना खुर्चीच्या पायाखाली कागदाची घडी सरकवून दिली. खुर्ची हलायची थांबली. त्याच्या अहवालात ‘किरकोळ दुरुस्ती करून दिली’ अशीही नोंद आहे.

उपरोक्त त्या संध्याकाळी पुन्हा आले, कामाशिवाय. म्हणाले, “हरकत घ्या, मावशी. तीस दिवसांची नोटीस निघेल. लेखी हरकत आली तर सुनावणी लागते. सुनावणी लागली की प्रकरण पाच-सहा वर्षं हलत नाही. मी ओळखतो ना आमचं ऑफिस.”

अकरा हरकती गेल्या आणि अकराही परत आल्या. घरात राहणाऱ्यांचा घरात हितसंबंध होता, त्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती मानता येत नव्हते. हरकत अशा नागरिकाने घ्यायला हवी होती ज्याचे यात काही जात नाही.

असे नागरिक शहरात पुष्कळ होते. नोटीस वर्तमानपत्रात अकराव्या पानावर आली. तिचा फोटो समोरच्या इमारतीच्या फोन-ग्रुपवर फिरला, तिथून इतर ग्रुपवर गेला. आठवड्यात तिच्याखाली जोडलेले हात तीनशे सोळा झाले, रडके चेहरे वेगळे. ‘हृदयद्रावक’ असे एकाने लिहिले, ‘यंत्रणाच सडलेली आहे’ असे दुसऱ्याने, आणि त्यावर पार्किंगचा विषय निघाला. ग्रंथालयात ‘बेघरपणा आणि आपण’ या विषयावर चर्चा झाली. खुर्च्या कमी पडल्या.

मावशी समोरच्या इमारतीत दारोदार फिरली. कोणी दार लावून घेतले नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकबाई दरवर्षी जुनी पांघरुणे त्या घरात पाठवत असत. त्यांनी मावशीला सोफ्यावर बसवले, पाणी दिले, सगळे नीट ऐकून घेतले.

“चार ओळीच लिहायच्या आहेत ताई. नाव, सही आणि तुमची हरकत आहे एवढं.”

“लिहिते ना. अगदी मनापासून लिहिते. असल्या गोष्टींची मला भयंकर चीड आहे. फक्त मला ते घाईघाईत नको, मुद्देसूद करते. रविवारी बसते.”

त्या तीस दिवसांत चार रविवार होते. पहिल्या रविवारी पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी त्यांनी पाकीट आणून पत्ता लिहिला. तिसऱ्या रविवारी त्यांना वाटले, एवढ्या लोकांनी लिहिले असेल, त्यात आपल्याने काय फरक पडणार. चौथ्या रविवारी पाऊस नव्हता, पाहुणे नव्हते, वीजही होती. तो रविवार कसा गेला हे त्यांना नंतर आठवेना.

निर्णय नगरपालिकेच्या सभेत जाहीर व्हायचा होता. पहिली सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली, दुसरी एका माजी सभासदाच्या निधनामुळे, तिसरी ध्वनिक्षेपक बिघडल्याने, चौथी ध्वनिक्षेपक दुरुस्त झाल्याच्या समारंभामुळे. दर तहकुबीनंतर मावशी घरी येऊन सांगे, “नाही झालं अजून,” आणि रात्री भाजीला फोडणी जरा सढळ बसे. पाच महिने असे गेले. शिवणकाम करणाऱ्या बाईने तेवढ्यात दोन नवी गिऱ्हाइके धरली, आणि वॉचमनने गळक्या तीन खोल्यांपैकी एकीचे छत स्वतःच्या हाताने लिंपून घेतले.

पाचव्या सभेला गणसंख्या होती, कोणी वारले नव्हते आणि ध्वनिक्षेपक चालत होता. गॅलरीत पहिल्या रांगेत मावशी, वॉचमन आणि शिवणकाम करणारी बाई बसली होती. त्यांच्या शेजारी प्राध्यापकबाई. त्या मुद्दाम रजा टाकून आल्या होत्या. अशा वेळी कोणीतरी सोबत असावे असे त्यांना मनापासून वाटत होते. मागे समोरच्या इमारतीतले बरेच जण होते, अगदी उभे राहायलाही जागा नव्हती. विषय पुकारला गेला तेव्हा प्राध्यापकबाईंनी मावशीचा हात हातात घेतला. मावशीने हात तसाच राहू दिला, पण बोटे मिटली नाहीत.

“साहेब, मला दोन शब्द बोलायचेत,” मावशी उठून म्हणाली.

“आपण हितसंबंधी आहात, बाई. बसा,” अध्यक्ष म्हणाले, आणि चष्मा वर करून त्यांनी गॅलरीकडे पाहिले. “इतर कोणाला बोलायचं आहे?”

नियमाप्रमाणे एक मिनिट थांबावे लागते. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट थांबले. सभागृहात पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी कागद उचलला.

“कर्ज माफ करण्यात येत आहे. घर पंधरा दिवसांत मोकळे करून घेण्यात येईल. नोटिशीच्या मुदतीत एकाही नागरिकाची हरकत आलेली नाही, आत्ताही आलेली नाही, हे इतिवृत्तात नोंदवावे. आणि एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे,” ते गॅलरीकडे पाहून हसले. “या निर्णयाचं श्रेय आम्हाला देऊ नका. हा निर्णय आपण सर्वांनी घेतलेला आहे. आम्ही तो फक्त वाचून दाखवला.”