जिवंत तंट्याचं कलम

एका जंगलात न्यायाधीशाची खुर्ची रिकामी झाली, तेव्हाची ही गोष्ट. खुर्ची म्हणजे खरं तर एक दगड होता. पण बाळांनो, दगडावर न्यायाधीश बसला की त्याला खुर्चीच म्हणायचं असतं.

आधी तिथे एक म्हातारं कासव बसायचं. त्याची नेमणूक कुणी केली होती, हे कुणालाच आठवत नव्हतं. कासव निकाल हळूहळू सांगायचं, पण भांडणारे ऐकून घ्यायचे आणि आपापल्या घरी जायचे. एक दिवस ते म्हणालं, "आता पुरे झालं बाबा," आणि नदीत उतरून निघून गेलं.

शेजारच्या जंगलात हल्ली सगळं धोरणाप्रमाणे चालतं, असं सिंहमहाराजांच्या कानावर आलं होतं. महाराजांनी लगेच न्यायाधीश निवड समिती नेमली. अस्वलसाहेबांना अध्यक्ष केलं. समितीला धोरण लिहून द्यायला एक सहाय्यक हवी होती. त्या जागेवर प्रमिलाताई सायाळ लागल्या. सायाळीच्या पाठीवर काटेच काटे असतात, तेव्हा लेखण्या बाहेरून आणायला नकोत, एवढाच विचार त्या नेमणुकीमागे झाला होता.

प्रमिलाताई मात्र कामाला वाहून घेणाऱ्यांपैकी. नोकरी तात्पुरती होती. भरती सुरळीत पार पडली तर कायम करू, असं अस्वलसाहेबांनी कबूल केलं होतं. म्हणजे तोंडाने कबूल केलं नव्हतं. मध चाटता चाटता मान हलवली होती.

धोरण सहाय्यकाला काय करावं लागतं, ते नीट ऐका. पुढे तुम्हालाही कुठे तरी नोकरी करायची आहे. आधी मसुदा लिहायचा. तो सगळ्यांना वाचून दाखवायचा. सगळ्यांच्या हरकती आणि सूचना ऐकायच्या. आणि मग कुणाचंही मन न दुखवता त्या सगळ्या मसुद्यात बसवायच्या.

हरणं म्हणाली, "न्यायाधीश शाकाहारी असावा."

लांडगे म्हणाले, "त्याने निदान एकदा तरी मांस खाल्लेलं असावं. त्याशिवाय आमची बाजू त्याला कळायची कशी?"

ताईंनी लिहिलं, 'उमेदवार शाकाहारी असावा. मांसाहाराचा अनुभव असल्यास प्राधान्य.' हरणं खूश झाली. लांडगेही खूश झाले.

मगर म्हणाली, न्यायाधीशाला पोहता यावं. वटवाघळं म्हणाली, त्याला उलटं लटकून विचार करता यावा. ताईंनी दोन्हींपुढे 'इष्ट' असं लिहून टाकलं. हा 'इष्ट' फार गुणी शब्द आहे. तो लिहिला की मागणाऱ्याचं समाधान होतं आणि कुणालाच काही करावं लागत नाही.

असं करता करता मसुद्यातलं ताईंचं स्वतःचं असं एकच कलम उरलं. ते असं होतं: 'परीक्षेसाठी उमेदवारापुढे ठेवायचा तंटा खरा आणि जिवंत असावा.' रचलेल्या भांडणावर कुणीही निकाल देईल, असं ताईंचं म्हणणं होतं. या कलमावर एकही हरकत आली नाही. ताईंना त्याचा फार अभिमान वाटायचा. येता-जाता त्या ते कलम मनातल्या मनात म्हणून बघायच्या.

खरा आणि जिवंत तंटा शोधायला लांब जावं लागलं नाही. नदीकाठी एक सपाट, खडेगोट्यांची जागा होती. शेवंता टिटवी दरवर्षी तिथे उघड्यावर अंडी घालायची. टिटव्यांची रीतच तशी असते. यंदा मात्र दौलतराव नावाच्या रानरेड्याचं जुनं डबकं आटलं, आणि तो दुपारी तिथे येऊन पसरायला लागला. टिटवी ओरडून ओरडून बेजार झाली होती. तिचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते.

"बाई, तुमचा तंटा परीक्षेला बसवू का?" ताईंनी विचारलं.

"कुठं बी बसवा," शेवंता म्हणाली. "पण निकाल लवकर लावा. ह्या बाबाला उठवा."

परीक्षा सुरू झाली. रोज एक उमेदवार यायचा. शेवंता आपलं म्हणणं मांडायची. दौलतराव आपलं म्हणणं मांडायचा. उमेदवार निकाल द्यायचा. समिती त्याला गुण द्यायची आणि चहा प्यायला जायची. तो निकाल कुणी पाळायचा नसायचा, कारण उमेदवार अजून न्यायाधीश झालेला नसायचा. दुसऱ्या दिवशी शेवंता तेच दुःख दुसऱ्या उमेदवाराला पहिल्यापासून सांगायची.

सशाने निकाल टिटवीच्या बाजूने दिला आणि दौलतरावाकडे बघून लगेच परत घेतला. नीलगाय म्हणाली, विचार करून सांगते. ती अजून विचार करते आहे.

होता होता एक दिवस उमेदवार यायच्या आधीच दौलतराव उठून उभा राहिला.

"ताई, रोज ऐकून ऐकून हिचं सगळं पाठ झालंय मला," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का, हिचंच बरोबर आहे. मला पसरायला नदीकाठ पडलाय. हिला अंडी ठेवायला एवढीच जागा आहे. घे बाई तुझी जागा."

शेवंताला आधी खरंच वाटेना. मग ती एवढी आनंदली की उडत उडत नदीपलीकडे जाऊन आली. प्रमिलाताईंनाही आनंद झाला. तो आनंद जेमतेम वाटेतल्या पिंपळापर्यंत टिकला. तिथे त्यांना स्वतःचं कलम आठवलं आणि त्यांचे काटे ताठ उभे राहिले.

त्या धावत अस्वलसाहेबांकडे गेल्या.

"तंटा मिटला?" साहेबांनी मधाच्या पोळ्यातून तोंड बाहेर काढलं. "परीक्षा चालू असताना? अहो, आधीच्या उमेदवारांना जिवंत तंटा आणि पुढच्यांना मेलेला? हा केवढा अन्याय आहे. मग सगळी परीक्षा पहिल्यापासून घ्यावी लागेल. नाही, नाही. परीक्षा संपेपर्यंत तो तंटा मिटता कामा नये."

"पण साहेब, तिची अंडी..."

"अंडी धोरणात आहेत का?"

अंडी धोरणात नव्हती. ताईंनीच लिहिलं होतं, त्यामुळे त्यांना हे इतरांपेक्षा जास्त माहीत होतं.

मान खाली घालून त्या नदीकाठी परत आल्या आणि त्यांनी दोघांना सगळं सांगितलं.

"ताई, अंडी काय मला विचारून थांबतात व्हय?" शेवंता म्हणाली.

दौलतरावाने शेपटीने माश्या वारल्या. "समितीला भांडणच पाहिजे ना? मग भांडू की. तू अंडी घाल, त्यावर बस, आणि बसल्या बसल्या मला शिव्या दे. मी समोर उभा राहून ओरडतो."

ताईंना पुन्हा आपलं कलम आठवलं. तंटा खरा असावा, असं त्यांनीच लिहिलं होतं. पण शेवंताकडे बघितल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं, की कलमातलं अर्धं तर पाळलं जातंय. जिवंत असला म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवसापासून भांडणाला काय रंग चढला म्हणून सांगू. शेवंता अंड्यांवर बसून किंचाळायची. दौलतराव नाकातून वाफ सोडायचा, पण खूर टाकताना आधी खाली बघून घ्यायचा. त्याला आपण नटच व्हायला हवं होतं, असं वाटायला लागलं. रोज तो नवी वाक्यं घालायचा. एकदा म्हणाला, "माझे आजोबा याच जागेवर वारले."

उमेदवार गेल्यावर शेवंताने विचारलं, "आजोबा कुठनं काढले आज?"

"सुचलं," दौलतराव लाजून म्हणाला.

रात्री अंड्यांच्या वासावर कोल्हे यायला लागले, तेव्हा दौलतराव तिथेच थोडा बाजूला झोपायला लागला. समितीने त्याची नोंद 'रेडा जागेवरचा ताबा सोडत नाही' अशी केली.

मग परीक्षेला सखाराम पिंगळा आला. पिंगळा म्हणजे छोटं घुबड. आपल्याकडे घुबडाला कुणी शहाणं म्हणत नाही, आणि सखारामचीही तशी काही तक्रार नव्हती. दिवसाउजेडी त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून तो डोळे मिटून नुसता ऐकत बसला. दोघांचं भांडण संपल्यावर तो म्हणाला, "इथे तंटा नाही. हा रेडा ओरडताना हिला त्रास होणार नाही अशा बेताने ओरडतो. आणि ही शिव्या देताना मध्येच त्याला ऊन लागतंय का ते बघते. यांना घरी जाऊ द्या. मलाही जाऊ द्या."

समितीने त्याला शून्य गुण दिले. 'विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही,' असा शेरा मारला.

प्रमिलाताईंना फार वाईट वाटलं. आपल्या कलमाने एकच खरा न्यायाधीश शोधला, आणि आपल्याच लबाडीने तो नापास झाला, हे त्यांना कळत होतं. पण खरं बोलायचं तर खोट्या भांडणाचं बिंग फुटणार आणि अंड्यांवर बेतणार. त्यांनी तो शेरा तसाच नोंदवून टाकला. घरी जाऊन जेवल्याही नाहीत.

शेवटचा उमेदवार होता करकोचा. तो एका पायावर उभा राहिला आणि ऊन कलेपर्यंत बोलला. "टिटवीचं म्हणणं खरं आहे," तो म्हणाला. "रेड्याचंही म्हणणं खरं आहे. दोन खऱ्या गोष्टी एका जागेवर मावत नाहीत. सबब ही जागा दोघांनीही सोडावी. जागेवर जे काही असेल ते उचलून न्यावं आणि जागा मोकळी ठेवावी."

समितीला त्यातलं 'सबब' फार आवडलं. करकोच्याची निवड झाली. ढोल वाजले. महाराजांनी स्वतः त्याला दगडावर बसवलं, म्हणजे उभं केलं.

ढोल थांबल्यावर अस्वलसाहेबांनी प्रमिलाताईंना बोलावलं. "अभिनंदन, ताई. तुमचं ते कलम तर सोन्यासारखं निघालं. तंटा खरा, म्हणून त्यावरचा निकालही खराच. न्यायमूर्तींचा पहिला आदेश आजपासून लागू. ती जागा मोकळी करायची आहे."

अंड्यांमध्ये आता पिल्लांची हालचाल व्हायला लागली होती. शेवंताने ताईंना कालच बोलावून कान लावून ऐकायला सांगितलं होतं. अंडी उचलली तर संपलंच सगळं.

त्या नदीकाठी गेल्या. दौलतराव म्हणाला, "तुमच्याच कलमानं घात केला बघा, ताई." शेवंता काहीच बोलली नाही. नुसती बघत राहिली. बाळांनो, ओरडणारी टिटवी परवडते. गप्प बसलेली टिटवी बघवत नाही.

प्रमिलाताई तशाच माघारी फिरल्या आणि थेट समितीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, आदेश बजावणार कोण?"

समितीने एकमेकांकडे पाहिलं. कासवाच्या काळी निकाल ऐकून लोक आपणच उठायचे. त्यामुळे जंगलात आदेश बजावणारा बेलीफ असा कधी नव्हताच.

"मग नेमा एखादा," अस्वलसाहेब म्हणाले.

"नेमायचा म्हणजे भरती आली, साहेब. भरती म्हणजे धोरण आलं."

"मग लिहा की धोरण. तुम्हीच तर सहाय्यक. जरा घाईने लिहा."

"लिहिते," ताई म्हणाल्या. "पण सगळ्यांना विचारल्याशिवाय लिहिलं तर ते टिकणार नाही."

हे मात्र साहेबांना पटलं.

आजवर प्रमिलाताईंनी काम कधी रेंगाळू दिलं नव्हतं. आता त्यांनी ते इतक्या मन लावून केलं, की काही विचारू नका. पाठीवरचा एक काटा उपटून त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, 'बेलीफ अंडी खाणारा नसावा.' साप, मुंगूस, घोरपड आणि कावळे एकदम उठले. आमच्यावर कायमचा शिक्का मारता काय, असं त्यांनी विचारलं. ताईंनी प्रत्येकाचं म्हणणं सावकाश ऐकलं आणि प्रत्येकाला पाणी दिलं. अजगराने तर स्वतः अर्ज केला. अंडी तो विनामूल्य हलवणार होता, फक्त कुठे, ते सांगायला तयार नव्हता. मुंग्यांना सामूहिक अर्ज करायचा होता. मगरीला पोहण्याची अट हवीच होती. शेवटी खुद्द न्यायमूर्ती करकोच्यांची सूचना आली, की बेलीफची मान न्यायाधीशाच्या मानेपेक्षा लांब नसावी. मग सगळ्यांच्या माना मोजणं आलं. ताईंनी साप आणि अजगरापासून सुरुवात केली. त्यांची मान कुठे संपते, यावर बराच ऊहापोह झाला.

तेवढ्यात एका सकाळी अंडी फुटली. टिटवीची पिल्लं अंगावरचं पाणी वाळलं की लगेच पळायला लागतात. शेवंताने हाक मारली आणि ती सगळी तिच्यामागे तुरुतुरु पाण्याकडे गेली. दौलतराव कितीतरी वेळ पाय न हलवता उभा होता. शेवटचं पिल्लू त्याच्या खुरांमधून निघून गेल्यावर तो मोठ्याने हंबरला. मग तोही डुलत डुलत त्यांच्यामागे पाण्याकडे निघाला.

जागा मोकळी झाली. न्यायमूर्ती करकोचे पाहणीला आले. आपला आदेश तंतोतंत पाळला गेल्याचं बघून त्यांनी समाधान व्यक्त केलं. महाराजांनी समितीची पाठ थोपटली. समितीने प्रमिलाताईंची थोपटली नाही, काटे लागतात म्हणून. पण नोकरी कायम केली.

त्या संध्याकाळी शेवंता त्यांना भेटायला आली.

"ताई, पुढच्या वर्षी अंडी कुठं घालू?"

"तिथेच घाला," प्रमिलाताई म्हणाल्या. "माना मोजून व्हायच्या आहेत अजून."

तात्पर्य: सरकारी कामात दिरंगाई करू नये, असे तुम्हाला शाळेत शिकवतील. ते जरूर शिकावे. पण आपले प्रकरण कुणी सगळ्यांना विचारून, पाणी देऊन, मन लावून रखडवत असेल, तर त्याला शिव्या देण्याची घाई करू नये. कदाचित त्याने वरून निघालेला निकाल वाचलेला असतो, आणि तुमची अंडीही पाहिलेली असतात.