निळा अंगठा

पदक मिळायच्या आठ दिवस आधीच मायक्रॉनने भिंतीवर त्याची जागा आखली. पट्टी, पेन्सिल, गुण्या, सगळा सरंजाम मांडून! ट्यूबलाइटपासून बरोबर बेचाळीस सेंटिमीटर खाली एक बारीक फुली.

"आई, खिळा आत्ताच ठोकून टाकू?"

"आधी पदक आण," आई म्हणाली. "भिंतीला भोक काय, कधीही पाडता येतं."

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे नाव त्याला कारखान्यात पडलं, कारण चहात साखर घालतानाही तो चमचा डोळ्यांच्या रेषेत धरून बघायचा. फिटरच्या कामावरचा शिकाऊ उमेदवार, दुसरं वर्ष संपत आलेलं. कौशल्य स्पर्धेतले पहिले तिघे कारखान्यात कायम होणार, बाकीच्यांना हस्तांदोलन आणि निरोप! त्यामुळे तोंडाने बढाया चालू होत्या आणि पोटात गोळा.

पोटातला गोळा हातात उतरायचा, हीच खरी अडचण. मायक्रॉन घाबरला की त्याचे तळहात तापायचे. साधेसुधे नाही! फोरमनकाका म्हणायचे, "अरे, हात आहेत का इस्त्री? तुकडा खाली ठेवून मापत जा. कोंबडीनं अंडं उबवावं तसा धरून बसतोस! ॲल्युमिनियम आहे ते, ऊब लागली की फुगतं!"

"हो काका," मायक्रॉन म्हणायचा आणि तुकडा अजून घट्ट धरायचा.

*तपासणी पत्रक. उमेदवार क्रमांक चौदा. टेबल नीटनेटकं: दहापैकी दहा. चेहरा: यासाठी रकाना नाही.*

स्पर्धेतलं काम ऐकायला सोपं होतं. एका पट्टीत खाच कापायची आणि त्या खाचेत नेमका बसेल असा तुकडा घासायचा. चूक चालेल ती किती? केसाचे उभे चार भाग करा, त्यातला एक! वेळ चार तास.

तीन तास सगळं झकास चाललं. मायक्रॉनने धातूला मार्किंगचा निळा रंग फासला, त्यावर सुईने रेघा ओढल्या, कापलं, घासलं. मग मापलं. तुकडा जाड! कानस उचलली. तेवढ्यात फोरमनकाकांची कोंबडी आठवली. तुकडा खाली ठेवला, दोन मिनिटं थांबला, पुन्हा मापला. बरोबर! हातात घेतला. जाड! खाली ठेवला. बरोबर!

हात गार केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कोपऱ्यात प्रथमोपचाराच्या टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. समोर पेटी, पायाशी बर्फाचा डबा. सकाळपासून एकही गिऱ्हाईक नाही.

"मॅडम, थोडा बर्फ मिळेल?"

बाई ताडकन उठल्या. "कुठं लागलं?"

"लागलं नाही. हात गरम झालेत."

"ताप आहे?"

"ताप नाही हो, नुसते हात. गार करायचेत."

बाईंनी त्याचा उजवा हात उलटा केला आणि किंचाळल्या, "अरे देवा! अंगठा काळानिळा पडलाय आणि म्हणतोस लागलं नाही!"

"रंग आहे तो! मार्किंगचा! स्पिरिटनं पुसून दाखवतो!"

"जखमेवर स्पिरिट? वेडा का खुळा तू!" बाईंनी अंगठा चिमटीत धरून सगळा जोर लावून दाबला. "इथं दुखतं?"

"आई गं!"

"बघ!"

"तुम्ही दाबलात म्हणून!"

"गुण जातील म्हणून सगळे असंच म्हणतात, बाळा. वीस वर्षं बघतेय मी. जो जितक्या जोरात नाही म्हणतो, त्याला तितकं जास्त लागलेलं असतं."

"मला काहीही लागलेलं नाही!" मायक्रॉन जिवाच्या आकांताने ओरडला.

बाईंनी छोटं बँडेज पेटीत ठेवलं आणि मोठं काढलं.

*इजा: उजवा अंगठा. सुरक्षिततेचे पाच गुण वजा. उमेदवार आरडाओरडा करतो: आणखी एक वजा.*

परत आला तेव्हा उरली होती बावीस मिनिटं आणि अंगठा झाला होता दुधी भोपळ्याएवढा! कानस चार बोटांत कशीबशी धरली. तुकडा मात्र हातात राहीचना. शेवटी झक मारत तो समोरच्या गार लोखंडी पाटावर ठेवला आणि तिथेच मापला. दोनदा कानस फिरवली, पुन्हा ठेवला, पुन्हा मापला. शेवटची घंटा वाजता वाजता तुकडा खाचेत सरकवला. पाकिटात पत्र सरकावं तसा गेला!

*मापं: साठपैकी साठ.*

एवढे गुण दुसऱ्या कुणालाच नव्हते. सहा गुण कापले जाऊनही मायक्रॉन तिसरा आला. फोरमनकाकांनी पाठीत अशी थाप मारली की पदक गळ्यात उडालं. "दोन वर्षं घसा फोडून सांगतोय, खाली ठेवून माप! एका बँडेजनं शिकवलं!"

शुक्रवारी तो कचेरीत गेला. कारकुनाने कागद चाळले. "अभिनंदन. सोमवारी हजर व्हा. फक्त एक आहे, पत्रकात इजेची नोंद आहे. अंगठा बरा झाल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा."

"पण मला लागलंच नव्हतं!"

"इथं सही आहे, शिक्का आहे. पत्रकाची ही नक्कल डॉक्टरांना दाखवा. दाखला नसेल तर चौथ्या नंबरला बोलावू."

चौथा नंबर बाहेर बाकावरच बसला होता. अगदी मायेने म्हणाला, "कसा आहे रे अंगठा? घाई करू नकोस हं. नीट बरा होऊ दे!"

शनिवारी डॉक्टरांनी अंगठा पुढून पाहिला, मागून पाहिला, भिंग लावून पाहिला.

"जखम कुठाय?"

"नव्हतीच. रंग होता."

"मग काय, रंग बरा झाला असं लिहू?"

"काही झालंच नव्हतं असं लिहा ना!"

"आणि दुसऱ्याची सही खोटी पाडू? ते माझ्याच्यानं होणार नाही. एखादा व्रण दाखव, ओरखडा दाखव. 'काळजीचं कारण नाही' असं लगेच लिहून देतो."

मायक्रॉनने प्रथमोपचाराच्या बाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या गहिवरल्या. "खूणसुद्धा राहिली नाही? माझं बँडेजच तसं असतं रे!"

रविवार उजाडला. मायक्रॉनने सकाळपासून अंगठ्याकडे सतरा वेळा पाहिलं. अंगठा गुलाबी, गुळगुळीत, बाळासारखा निरोगी! शेवटी आई वैतागली. "बोटाकडे बघत बसण्यापेक्षा ते पदक तरी टांग."

फुली तयार होतीच. त्याने खिळा धरला, हातोडी उचलली. तळहात तापलेले, घामाने निसरडे. डोक्यात सोमवार, चौथा नंबर, दाखला...

ठाण्!

"आई गं!" आणि मग, अख्खं आयुष्य माप चुकू न दिलेला मायक्रॉन आनंदाने नाचायला लागला. "लागलं! आई, लागलं! बघ कसा निळा पडतोय! चल लवकर, उतरायच्या आत!"

दोघं धावत सुटली. पुढे अंगठा, मागे मायक्रॉन, त्यामागे आई. डॉक्टर दवाखाना बंदच करत होते.

"साहेब, ही बघा जखम! अस्सल!"

डॉक्टरांनी पाहिलं. सूज पाहिली, निळेपणा पाहिला, समाधानाने मान हलवली, पेन उघडलं. मग कचेरीचा कागद पाहिला. पेन बंद केलं.

"कागदावर उजवा अंगठा आहे," ते म्हणाले. "हा डावा."

मायक्रॉन मटकन बाकावर बसला. आईने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्याच्या शाबूत उजव्या अंगठ्याकडे.

"ऊठ," ती म्हणाली. "खिळा अजून अर्धा बाहेरच आहे. या खेपेला हातोडी डाव्या हातात धर."