दोन बिलं आणि पालथा कप

बेद्रोस ताशजियान स्वतःची ओळख करून द्यायची झाली की आधी खुर्चीतून उठत, मग टोपी काढत. समोर कोणी नसलं तरी चालायचं.

"तीस वर्षं मी बेदाण्यांच्या कारखान्यात खडे शोधले," ते म्हणत. "पट्ट्यावरून लाखो बेदाणे जायचे. त्यात खडा कुठला, हे मला डोळे मिटून कळायचं. या फ्रेस्नो गावात माझ्या नजरेतून आजवर काही सुटलेलं नाही. खडा नाही आणि माणूसही नाही."

यातलं 'डोळे मिटून' तेवढं खरं होतं. त्याच गुणापायी कारखान्याने त्यांना वेळेआधी निरोपाचा केक खाऊ घातला होता. पण हे बोलून दाखवायची त्यांच्या मेव्हण्याची, नुबारची, प्राज्ञा नव्हती. टायरचं दुकान बंद झाल्यापासून नुबार दुपारी बहिणीकडे जेवायला असे, आणि ज्याचं मीठ खावं त्याची गाडी चालवावी, या न्यायाने तो गुप्तहेर ताशजियान यांचा सहायक झाला होता. हे गुप्तहेर गॅरेजमध्ये बसत. मागच्याच वर्षी त्यांनी गॅरेजची खोली करून घेतली होती. आत पंखा, न्हाणीघर आणि भिंग अशी जय्यत तयारी होती. फक्त गुन्हे यायचे राहिले होते.

ऑगस्टमधल्या एका रणरणत्या दुपारी पहिला गुन्हा आला. सिरानुशबाई आत येऊन पंख्याखाली बसल्या आणि त्यांनी टेबलावर दोन पाकिटं ठेवली.

"बेद्रोसभाऊ, मला एवढंच सांगा. हास्मिकने मला फसवलं का?"

नुबारच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. सिरानुश आणि हास्मिक म्हणजे तीस वर्षांच्या मैत्रिणी. जन्मभर भाड्याने राहिलेल्या सिरानुशबाईंनी मार्चमध्ये हास्मिकचं घर विकत घेतलं होतं. हास्मिक दोन गल्ल्या सोडून लेकीकडे राहायला गेली होती. पण रोज सकाळी ती कॉफीला जुन्या घरी यायची. फरक इतकाच की आता ती पाहुणी होती. गेले तीन आठवडे मात्र ती आलेली नव्हती, कारण सिरानुशबाई दारच उघडत नव्हत्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "घराच्या कराची बिलं. पुरवणी म्हणे. एक सहाशे तीस डॉलरचं, एक पंचवीसशे वीसचं. माझा कर तर बँक हप्त्यातच कापून घेते. बँकेत गेले तर तो मुलगा म्हणतो, ही बिलं आमच्याकडे येत नाहीत, तुमची तुम्ही भरा. अहो, मुख्य पेपर त्यांनी सोडवायचा आणि पुरवणी मी?"

"आणि हास्मिक किती कर भरायची?"

"वर्षाला हजारसुद्धा नाही! तिनेच सांगितलं होतं. घर तेच, दार तेच, नळ गळतो तोही तोच. मग मला एवढा कर कशाला?" त्यांनी पाकिटं पुढे ढकलली. "पैशाचं जाऊ द्या हो, भरीन मी कसेतरी. पण तिने जुनी थकबाकी माझ्या गळ्यात मारली असेल, तर मग मी तीस वर्षं कोणाबरोबर कॉफी पीत होते?"

नुबारला बाईंचं फार वाईट वाटलं. बेद्रोसना भिंग सापडलं.

त्यांनी पाकिटं उलटसुलट केली, उजेडासमोर धरली आणि हुंगली. "वेलची!" ते गरजले. "सरकारी कचेरीत वेलची कोण वापरतं? बिलं बनावट आहेत."

"मी ती मसाल्याच्या डब्यांच्या फळीवर ठेवली होती," सिरानुशबाई म्हणाल्या.

"असं. मग एक खरं आहे आणि एक बनावट. एकाच घराला एकाच दिवशी दोन बिलं येतात का कधी? नुबार, यातलं कुठलं खोटं वाटतं?"

"दाजी, आपण कचेरीला फोन करून विचारायचं का?"

बेद्रोसनी त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. "फोन करतो त्याला गिऱ्हाईक म्हणतात, नुबार. गुप्तहेर विचार करतो."

मग त्यांनी विचार केला. परिणामी दुसऱ्या दिवशी नुबारला हास्मिकच्या लेकीच्या घरासमोर तीन तास गाडी लावून बसावं लागलं. हास्मिकने वेलीवरची कोवळी पानं खुडली, बादलीत धुतली आणि आत नेली. बेद्रोसनी लगेच सिद्धान्त बदलला: बाई पुरावे धुते आहे. दुपारनंतर तोही बदलला. सिरानुशबाईंनी मागच्या अंगणात भाकरीची भट्टी बांधली होती; कोणी जळकुकड्याने कचेरीत चुगली केली असणार. पण ती भट्टी जुलैची निघाली आणि बिलांवर तारीख होती मार्चची, घरखरेदीची. सिद्धान्त कोसळला. बेद्रोसना त्याचं काही वाटलं नाही, त्यांच्याकडे साठा भरपूर होता.

खरा 'पुरावा' संध्याकाळी मिळाला आणि तोही सिरानुशबाईंच्या तोंडून.

"एक आठवलं. घर घेतलं त्या आठवड्यात हास्मिकने माझा कप पाहिला होता." कॉफी संपली की कप बशीत पालथा घालायचा आणि उरलेल्या गाळातून नशीब वाचायचं, यात हास्मिकचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. "ती म्हणाली, सिरान, तुझ्या घरी सरकारी पत्र येणार. एक नाही, दोन."

बेद्रोस उठले. त्यांनी टोपी काढली. "जे अजून टपालात पडलंही नव्हतं, ते तिला मार्चमध्ये ठाऊक! हा कबुलीजबाब आहे, बाई. कपात दिलेला!"

सिरानुशबाईंचा चेहरा पडला. इतका वेळ त्यांना कुठेतरी आशा असावी, असं नुबारला वाटलं. ती आता गेली.

"रविवारी द्राक्षांच्या आशीर्वादाचा सण आहे," बेद्रोस म्हणाले. "सगळं गाव चर्चच्या अंगणात असेल. मी तिथेच तिचा बुरखा फाडतो."

"दाजी, चारचौघांत नको. म्हातारी बाई आहे."

"गुन्ह्याला वय नसतं, नुबार."

रविवारी धर्मगुरूंनी द्राक्षांच्या करंड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. ज्यांनी या दिवसापर्यंत वर्षाचं पहिलं द्राक्ष तोंडात टाकलं नव्हतं त्यांनी ते टाकलं, आणि ज्यांनी चोरून आधीच खाल्लं होतं त्यांनी पहिलंच असल्यासारखं टाकलं. मग मांडवात कबाबांचा धूर उठला. नुबार दाजींना सावलीकडे, सरबताकडे, कुठेतरी न्यायला पाहत होता. पण तोवर ते बाकावर चढले होते.

"मित्रहो! या अंगणात एक गुन्हेगार आहे!"

"पुलाव कोणी केलाय?" मागून कोणीतरी ओरडलं.

"मी केलाय," पातेल्याशी उभी असलेली व्हेर्जिन म्हणाली. ही नुबारची बहीण आणि बेद्रोसची बायको. "का रे? मीठ कमी आहे?"

"पुलावाचं नाही, व्हेर्जिन! मी हास्मिकबद्दल बोलतोय!"

हास्मिक ताट घेऊन रांगेत उभी होती. तिने वर पाहिलं. सगळं अंगण तिच्याकडे वळलं. बेद्रोसनी सुरुवातीपासून सुरुवात केली: दोन बिलं, थकबाकी, धुतलेली पानं, कप. नुबारला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण गाडीसकट आत जावं.

"झालं?" व्हेर्जिनने डाव पातेल्यावर आपटला. "खाली उतरा आधी. ती पुरवणी बिलं आहेत. घर घेणाऱ्या प्रत्येकाला येतात."

"प्रत्येकाला?" सिरानुशबाईंनी विचारलं.

"अगं, हास्मिकने घर घेतलं ते स्वस्ताईत. आपल्याकडे घर ज्याच्याकडे राहतं त्याचा कर त्या जुन्या किमतीवरच मुंगीच्या पावलाने वाढतो. विकलं की नवी किंमत. पण कचेरीच्या दप्तरात ती चढायला महिने लागतात. मधल्या काळात जुन्या आणि नव्या करात जो फरक पडतो, त्याचं बिल वेगळं येतं, तुझ्या नावाने, तुझ्या मालकीच्या दिवसांचं. बँकेशी त्याचा संबंध नाही. हास्मिकशी तर अजिबात नाही."

"पण दोन कशाला?" बेद्रोसनी बाकावरूनच विचारलं.

"कारण कराचं वर्ष जुलैला उलटतं. तिने मार्चमध्ये घर घेतलं, म्हणजे मोजणी पुढच्या महिन्यापासून. एक बिल एप्रिल ते जूनचं, म्हणून लहान. दुसरं पुढच्या अख्ख्या वर्षाचं, म्हणून चौपट. आपल्यालाही दोन आली होती."

"आपल्याला? कधी?"

"आपण घर घेतलं तेव्हा. एक तुम्ही बनावट ठरवलंत आणि घडी करून जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली घातलंत. दहा टक्के दंडासकट मी भरलं. टेबल अजून डुगडुगत नाही, एवढाच काय तो फायदा."

अंगणात हशा पिकला. बेद्रोस बाकावरून उतरले आणि कोणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हणजे थकबाकी नाही, हे मी सिद्ध केलं."

हास्मिक मात्र हसली नाही. ती ताट ठेवून सिरानुशबाईंसमोर येऊन उभी राहिली.

"तीन आठवडे मी तुझं दार वाजवतेय. मला वाटलं तुला बरं नाही. लेकीला म्हटलं, डॉक्टरला घेऊन जाऊ."

"हास्मिक, मी…"

"तुला शंका आली, येऊ दे. माणसाला येते. पण मला विचारायचं सोडून तू याला विचारलंस?" तिने बेद्रोसकडे बोट दाखवलं. "याला? ज्याने तपासलेल्या बेदाण्यांतल्या खड्याने माझी दाढ पडली?"

"चुकले गं," सिरानुशबाई म्हणाल्या आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या. "तो कप आठवला आणि माझं डोकंच फिरलं. तुला कसं कळलं दोन पत्रं येणार ते?"

"कपात मी सगळ्यांनाच पत्र सांगते. पत्र कोणाला येत नाही? दोन सांगितलं की माणूस जास्त खूश होतं." मग तिने आपलं ताट उचलून सिरानुशबाईंच्या हातात दिलं. "जेवून घे. पुलाव गार होतोय."

दुसऱ्या दिवशी सिरानुशबाईंना बिलं भरायला कचेरीत न्यायचं म्हणून नुबार सकाळीच गाडी घेऊन गेला. येताना त्याने दाजींच्या पेटीतलं टपाल काढलं होतं. त्यात एक पाकीट होतं, न्हाणीघरासकट गॅरेजच्या नव्या खोलीचं पुरवणी बिल; बांधकाम वाढवलं तरी ते येतंच. ते त्याने मुकाट्याने व्हेर्जिनताईच्या हातात दिलं होतं. गुप्तहेरांना उगाच त्रास नको.

दोघी मैत्रिणी ओसरीवर बसल्या होत्या. नळ अजून गळत होता. सिरानुशबाईंनी कॉफी संपवली, कप बशीत पालथा घातला आणि जरा भीतभीतच हास्मिकपुढे सरकवला.

हास्मिकने तो उचलून उजेडात फिरवला.

"पत्र दिसतंय," ती म्हणाली.

"येऊ दे," सिरानुशबाई म्हणाल्या. "आलं की न फोडता तुझ्याकडे घेऊन येईन."