रुचाचं बंड, मंद आचेवर

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या समस्त मराठी जनतेत आजवर कोणी केलं नाही ते आपण करणार, याबद्दल रुचाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सोळाव्या वर्षी शंका नसतातच, पिंपल्स असतात.

झालं असं की शाळेच्या कुकिंग टीममध्ये एक जागा रिकामी झाली. मिस ऑर्टेगांनी जाहीर केलं, "सोमवारी घरून मंद आचेवर शिजवलेलं काहीतरी आणा. ज्याचं सगळ्यात छान, त्याला जागा." रुचाला ती जागा इतकी हवी होती की तिने स्वप्नात टीमचा एप्रनसुद्धा घालून पाहिला होता. बाकीची मुलं चिकन, बीन्स असं काहीबाही पुटपुटत असताना ती उभी राहिली आणि म्हणाली, "ब्रेझ्ड बीफ शॉर्ट रिब्स." म्हणजे गाईच्या बरगड्या, रश्शात तासन्‌तास शिजवलेल्या. वर्गात एकदम शांतता पसरली. ती रुचाला टाळ्यांसारखी ऐकू आली.

अडचण एवढीच होती की घरात बीफ कधी आलंच नव्हतं. आईचा नियम होता, "बाहेर काय खायचं ते खा, मी विचारणार नाही. पण माझ्या भांड्यात 'ते' शिजणार नाही." आई, म्हणजे नीलांबरीबाई, त्याचं नावसुद्धा घेत नसत, जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तशा.

पण बंडखोरांकडे प्लॅन असतो. रविवारी आई-बाबा सॅक्रामेंटोला बारशाला जाणार होते. गॅरेजमध्ये मासे तळायची इलेक्ट्रिक शेगडी होती, कारण आईला घरातले पडदे बांगड्यापेक्षा प्रिय होते. मांस वर्गातल्या एमाच्या आईने आणून दिलं होतं. प्रश्न उरला भांड्याचा. जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं आणि मुख्य म्हणजे आईचं नसलेलं भांडं हवं होतं.

समोरच्या टाउनहाउसमध्ये रेखामावशी राहायच्या. दर गुरुवारी त्यांच्याकडे भजन, आणि केक घ्यायच्या आधी त्यात अंडं आहे का हे तीनदा विचारणार. रुचाने निरागस चेहरा करून बेल वाजवली.

"मावशी, एखादं जड भांडं आहे का? झाकणवालं? चिकन करतेय."

"चिकनला कशाला जड भांडं?"

"तीन तास शिजवायचंय."

"तीन तास?" मावशींनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "कसलं चिकन आहे गं हे, डायनासोरचं?"

मावशी आपल्या गॅरेजमध्ये गेल्या. दिवाळीच्या आकाशकंदिलांचा खोका सरकवला, गणपतीच्या मखराचं थर्मोकोल बाजूला केलं आणि मागून जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेलं लाल बिडाचं भांडं काढलं.

"हे घरात नेऊ नकोस, गॅरेजमध्येच वापर. आणि आईला सांगू नकोस."

बिचाऱ्या मावशी, रुचाला वाटलं. यांना काय कल्पना, यांच्या भांड्याच्या नशिबी आज काय आहे!

रेसिपीच्या पुस्तकात लिहिलं होतं, मांस आधी सगळीकडून खरपूस भाजून घ्या. रुचाने इतकं मन लावून भाजलं की पाच मिनिटांत गॅरेजमध्ये स्वतःचाच हात दिसेना. अलार्म किंचाळायला लागला. तिने घाबरून गॅरेजचं दार वर केलं आणि त्या गल्लीतल्या समोरासमोरच्या सगळ्या गॅरेजेसना तिच्या गुप्त बंडाचा वास सप्रेम पोचता झाला.

अलार्म थांबला. वास काही थांबेना. कांदा, लसूण, गाजर पडल्यावर तर तो आणखी भरात आला.

गुरुनाथकाका रोज संध्याकाळी गल्लीत तीन चकरा मारत. रिटायर्ड हार्टचे डॉक्टर, मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष. गेल्याच महिन्यात त्यांनी 'आपला आहार, आपले संस्कार' यावर पाऊण तास भाषण दिलं होतं. पहिल्या चकरेला त्यांनी नुसता हात केला. दुसरीला चाल मंदावली. तिसरी चक्कर झालीच नाही.

"काय शिजतंय?"

"चिकन, काका."

काकांनी झाकण उचललं आणि वाफेत डोळे मिटून उभे राहिले. "हं. चिकनला हाडं बरीच मोठी आहेत. वाइन घातलीस का?"

"मी सोळाची आहे, काका."

"मग मी आणतो. अल्कोहोल उडून जातं, मी डॉक्टर आहे." जाता जाता वळून म्हणाले, "आच कमी कर. याला घाई चालत नाही."

याला म्हणजे कोणाला, हे विचारायचं रुचाला सुचलंच नाही.

तीन तासांनी मांस हाडावरून असं सुटलं, जसे परीक्षा संपल्यावर आपण सुटतो. काका चमचा घेऊन हजर होते. "कच्चं राहिलं तर इन्फेक्शन होतं. मेडिकली तपासायला हवं." त्यांनी एक तुकडा मेडिकली तपासला. मग सेकंड ओपिनियन म्हणून दुसरा.

तेवढ्यात रेखामावशी आल्या. "माझं भांडं फार तापत तर नाहीये ना, म्हटलं बघावं." त्यांच्या हातात वाफाळता भात होता.

दोघांची नजरानजर झाली. काकांचा चमचा हवेत थांबला.

"डॉक्टर, तुम्ही?"

"मी तपासतोय. तुम्ही?"

"मी फक्त रस्सा घेणार," मावशी म्हणाल्या. "रस्सा चालतो."

मग मावशींनी गार्डनच्या खुर्च्या ओढल्या. रस्सा घेताना भातावर तुकडे आपोआप पडत होते, त्याला त्या तरी काय करणार? "मीठ बेताचंय," मावशी म्हणत. "मागच्या वेळी मी तमालपत्र घातलं होतं," काका म्हणत.

"मागच्या वेळी?" रुचाने विचारलं.

"भात घे," मावशी म्हणाल्या.

"अहो पण, हे मला शाळेत न्यायचंय! टीमचं सिलेक्शन आहे!"

"नेशील गं. एवढं कोण खाणारे इथे?"

थोड्या वेळात भांड्यात दोन तुकडे उरले. समस्त मराठी जनतेतली पहिली बंडखोर रांगेच्या अगदी शेवटी उभी होती, आणि रांगेतल्यांना पुढे सरकायची घाई नव्हती.

रुचाने ते दोन तुकडे रश्शासकट दह्याच्या रिकाम्या डब्यात भरले, फ्रिजमध्ये अगदी मागे ठेवले आणि वर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'कारल्याची भाजी'. त्या घरात कारलं फक्त आई खायची, तेही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, नाक मुरडत. मिस ऑर्टेगांना एक तुकडा पुरला असता, दुसरा गॅरंटी म्हणून.

आई-बाबा आले तेव्हा रुचा झोपेचं सोंग घेऊन पडली होती. आईला पायऱ्यांवर थांबून दोनदा नाकाने श्वास घेताना तिने ऐकलं.

सोमवारी सकाळी रुचा खाली आली. डबा सिंकशेजारी, स्वच्छ घासून पालथा घातलेला.

"आई, यातली भाजी?"

"संपली," आई शांतपणे म्हणाली. "रात्री भूक लागली होती आम्हाला. बारशाचं जेवण अगदीच मिळमिळीत."

"पण बाबा, तू तर कारलं खात नाहीस."

बाबांनी फोनमधून डोकं वर न काढता सांगितलं, "आता खातो."

"अगं पण ते मला आज शाळेत न्यायचं होतं!"

"मग आधी सांगायचं नाही का," म्हणत आईने दुसरा डबा तिच्या बॅगेत सरकवला. "हे घेऊन जा. यात खरंच कारलं आहे."